दिवाळ्याचा कारभारी

एखादी पेढी बुडाली म्हणजे गावात चार दिवस दुसरा विषय नसतो. कोणाचे किती गेले, बायकोच्या नावावर किती चढविले होते, मुनिमास आधीपासून ठाऊक होते की नव्हते, ह्या चर्चेने ओटे आणि बाररूम दोन्ही गजबजून जातात. पाचव्या दिवशी लोक आपापल्या उद्योगास लागतात. पण ज्या गोष्टीकडे सर्वांनी डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे, ती गोष्ट खरोखर त्या पाचव्या दिवसापासूनच सुरू होते. बुडालेल्या पेढीचे जे काही उरले असेल, म्हणजे कोठारातील माल, भिंती, वह्या, येणे बाकी आणि तिजोरीच्या तळाशी राहिलेली चिल्लर, ते सारे एका तिऱ्हाइताच्या हाती जाते. तो त्या मालाचा धनी नाही आणि धनकोही नाही. त्या मालाच्या किमतीत एक आणा वाढला तर त्याच्या पदरी फारसे काही पडत नाही आणि एक आणा बुडाला तर त्याचे स्वतःचे काही जात नाही. अशा मनुष्याने परक्यांचा पैसा सचोटीने सांभाळावा अशी अपेक्षा करणे ही कायद्याने केलेली मोठीच धाडसी कल्पना होय. ह्या मनुष्यावर नजर ठेवण्याचे काम न्यायालयाने कसे केले आणि कोठे कोठे त्याची नजर पोचली नाही, त्याचा थोडा इतिहास आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे.

आमच्या डोळ्यांसमोर ह्या वेळी गोंदिया आहे. हे शहर रेल्वेने वाढविले. १८८० नंतर नागपूरहून छत्तीसगडाकडे रूळ गेले, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ते मोठ्या मापाचे केले, विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे अरुंद मापाचा फाटा निघाला आणि गोंदिया हे जंक्शन झाले. धान, लाख आणि तेंदूपत्ता ह्या तीन मालांनी तेथील बाजार उभा राहिला. तांदळाच्या गिरण्या निघाल्या, विडीचे कारखाने निघाले. जेथे माल येतो आणि जातो तेथे उधारी येतेच, आणि जेथे उधारी आहे तेथे केव्हा ना केव्हा दिवाळेही निघते. १९९९ सालच्या १ मे रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी तो सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे आणि जिल्हा न्यायालयही भंडाऱ्यासच होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

कोणा एका पेढीचे नाव घेण्याचे आम्हांस कारण नाही. आपण एक कल्पना करू. गोंदियाच्या बाजारात धानाचा एक अडत्या आहे. सुगीनंतर देवरी, सालेकसा, आमगाव ह्या भागांतील शेतकरी त्याच्याकडे गाड्या भरून धान टाकतात, गरजेपुरते पैसे उचलतात आणि उरलेले ‘भाव चढल्यावर घेऊ’ म्हणून त्याच्या वहीत ठेवतात. वही त्याची, अक्षर त्याच्या मुनिमाचे आणि शेतकऱ्याजवळ फार तर एक चिठ्ठी. उन्हाळ्यात अडत्याचा कोलकात्याकडील व्यवहार अंगाशी येतो आणि तो नादारीचा अर्ज करतो. आता कोठारात पडलेल्या धानाचे काय करावयाचे? ते आताच मिळेल त्या भावाने विकावे की भाव चढण्याची वाट पाहावी? मृगाचा पाऊस पंधरा दिवसांवर आला आहे आणि कोठाराच्या छपराची कौले फुटलेली आहेत. कौले फेरण्यास पैसा हवा. तो कोणाच्या वाट्यातून काढावयाचा? ह्या प्रश्नांची उत्तरे देणारा जो मनुष्य, तोच आमच्या ह्या लेखाचा नायक. कायद्यात त्याचे नाव रिसीव्हर.

पूर्वी असा मनुष्यच नव्हता. दिवाळे ह्या शब्दाविषयी अशी कथा सांगतात की, व्यापाऱ्याची पत संपली म्हणजे तो गादी उलटी करून भरदिवसा दुकानात दिवा लावी, आणि तो दिवा पाहून धनकोंनी काय ते समजावे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, प्रथा बोलकी आहे. दिवा लागला म्हणजे जो आधी पोचेल त्याच्या हाती काही लागे. जो दूर गावी राहणारा, त्याच्या हाती वार्ता लागे. पेशवाईतील तगाद्याची रीत ह्याहून कठोर. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात ह्या तगाद्याचे वर्णन आहे: ऋणकोच्या दारावर माणूस बसविणे, त्यास अन्न घेऊ न देणे, डोक्यावर दगड देऊन उन्हात उभे करणे, येथपर्यंत त्याच्या पायऱ्या चढत जात. ह्या रीतीत क्रौर्य तर होतेच, पण आम्हांस तीत दुसरा एक दोष अधिक मोठा वाटतो. जो धनको दांडगा, त्यासच तीत पैसा मिळे. दारात बसविण्यास ज्याच्याजवळ माणूस नाही, त्याचे कर्ज ते कर्जच नव्हे. सर्व धनकोंची एक यादी करावी, सारी मिळकत एकत्र आणावी आणि प्रत्येकास त्याच्या कर्जाच्या प्रमाणात हिस्सेरशीने वाटावी, ही कल्पना साधी दिसते खरी. परंतु तीमुळे दुबळ्या धनकोस प्रथमच दांडग्याच्या पंक्तीस पाट मिळाला. मात्र पंक्तीस वाढणारा कोण, हा प्रश्न त्याच क्षणी उत्पन्न झाला.

इंग्रजी अमलात मुंबई, मद्रास व कलकत्ता ह्या तीन शहरांसाठी १८२८ साली पार्लमेंटाने नादारीचा कायदा केला आणि नादारांची न्यायालये स्थापिली. कायदा झाला तो जणू काही पुढील अरिष्टाची चाहूल लागूनच. १८३० च्या जानेवारीत कलकत्त्यातील पामर आणि कंपनी ही बडी पेढी बुडाली आणि पुढील चार वर्षांत तिच्यासारख्या अनेक पेढ्या एकामागून एक कोसळल्या. लष्करी अधिकारी, त्यांच्या विधवा, पेन्शनीत निघालेले लोक, अशांच्या आयुष्यभराच्या ठेवी त्या पेढ्यांत अडकलेल्या होत्या. पेढ्यांची मिळकत मुख्यतः निळीच्या कारखान्यांत गुंतलेली. निळीचा कारखाना म्हणजे गोदामातील माल नव्हे. तो बंद ठेवला तर मातीमोल होतो आणि चालू ठेवावयाचा तर दरसाल रयतेस आगाऊ पैसा द्यावा लागतो. तो पैसा आणावयाचा कोठून? धनकोंच्या वाट्यातून. म्हणजे बुडालेली पेढी वाचवावयास निघालेला मनुष्य तीच पेढी पुनः चालवू लागतो आणि पहिल्या धन्याने जो जुगार मांडला होता तोच दुसऱ्यांच्या पैशाने खेळू लागतो. ह्याच मोहास ओळखून पुढील कायद्यांनी असे घातले की, नादाराचा धंदा चालू ठेवावयाचा तर रिसीव्हराने आधी न्यायालयाची परवानगी घेतली पाहिजे.

मुंबईस हा अनुभव तीस-पस्तीस वर्षांनी आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसाचे भाव भडकले, शहरात पैशाचा पूर आला आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांपासून ते ज्यांचा धंदा कोणासच सांगता आला नसता अशा कंपन्यांपर्यंत शेअरांचे पीक उदंड आले. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले. १ जुलै रोजी वायद्याचे सौदे पुरे करावयाचे होते, ते पुरे करण्यास कोणाजवळ पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २८५० पर्यंत चढला होता तो ८७ रुपयांस घेण्यासही गिऱ्हाईक मिळेना. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजा नादार झाला. बँकेच्या नाशाची चौकशी करण्यास पुढे सर चार्ल्स जॅक्सन ह्यांचे कमिशन बसले आणि त्या चौकशीवर पुष्कळ लिहिले गेले. बड्या बड्या मिळकती मोडून धनकोंस वाटण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे विश्वस्तांच्या व असायनींच्या कचेऱ्यांत चालले, आणि त्याकडे लोकांचे लक्ष फारसे गेले नाही. बुडण्याचा इतिहास रंगतदार असतो आणि वाटपाचा रुक्ष. म्हणून आपल्याकडे पहिलाच लिहिला जातो. हा दोष इतिहासकारांइतकाच वाचकांचाही आहे, आणि आम्हीही त्यांतलेच.

वाटप करणारा कोणाचा माणूस असावा, ह्याविषयी खुद्द इंग्लंडचे मत एका शतकात तीनदा फिरले. १८३१ साली सरकारी असायनी नेमण्यात आले. ते खर्चिक आणि सुस्त निघाले, म्हणून १८६९ च्या कायद्याने कारभार धनकोंच्या हाती दिला: पैसा ज्यांचा, विश्वस्तही त्यांनीच निवडावा. युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण प्रत्यक्षात धनको म्हणजे विखुरलेली माणसे. ज्याचे रुपयात दोन आणेच परत यावयाचे, तो त्या दोन आण्यांसाठी सभांना जाऊन हिशेब तपासीत बसत नाही. मते गोळा करण्याचा धंदा करणारे लोक निघाले, त्यांनी आपले विश्वस्त निवडून आणले आणि मिळकती त्यांच्या मेहनतान्यात व वकिलांच्या बिलांत विरघळू लागल्या. शेवटी १८८३ साली जोसेफ चेंबरलेन ह्यांनी नवा कायदा आणून विश्वस्तांच्या हिशेबांची तपासणी सरकारच्या व्यापारखात्याकडे सोपविली. विश्वस्त धनकोंनी निवडावा, पण त्याची वही तिऱ्हाइताने तपासावी, ही जी तडजोड तेव्हा झाली ती आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय.

ह्या मधल्या काळातील दोन निवाडे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण हिंदुस्थानातील न्यायालयांनी ते दोन्ही पुढे वारंवार हाताळले. पहिला १८७४ चा, काँडन नावाच्या नादाराच्या मिळकतीविषयीचा. एका धनकोने कायदेशीर जप्तीने आपला पैसा वसूल केला होता. विश्वस्ताने त्यास सांगितले की तो पैसा मिळकतीचा आहे, परत कर. त्या बिचाऱ्याने कायदा तसाच असेल असे मानून परत केला. पुढे ठरले की कायदा तसा नव्हता. पैसा त्याचाच होता. विश्वस्त म्हणाला, कायद्याच्या अज्ञानाने दिलेला पैसा परत मागता येत नाही. सामान्य माणसामाणसांत हे उत्तर चालले असते. न्यायमूर्ती जेम्स ह्यांनी ठरविले की, विश्वस्त हा न्यायालयाचा अंमलदार आहे, आणि इतर लोकांनी जितके प्रामाणिक असावे तितके तरी न्यायालयाच्या अंमलदाराने असलेच पाहिजे. सबब पैसा परत करावा. कायदा ज्यास ‘चालेल’ म्हणतो तेवढ्याने रिसीव्हराचे भागत नाही. त्याच्या वर्तनास न्यायालयाच्या अब्रूचे माप लावले जाते, हे ह्या निवाड्याने ठरले.

दुसरा निवाडा १८८० चा, साइडबॉटम नावाच्या नादाराचा, आणि तो त्याच न्यायमूर्ती जेम्स ह्यांचा असूनही त्याचे तोंड उलट दिशेस आहे. हिशेब तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने विश्वस्ताविरुद्ध न्यायालयाकडे प्रतिकूल अहवाल पाठविला. खालच्या न्यायालयाने विश्वस्तावर हुकूम करण्याचे नाकारले. तेव्हा खुद्द नादार अपील घेऊन वर गेला. वरिष्ठ न्यायालयाने विचारले, तुझे ह्यात काय गेले? ज्यास काही लाभ झाला असता तो झाला नाही एवढ्यावरून तो ‘पीडित’ ठरत नाही. ज्याच्या हक्कावर घाला आला तोच पीडित. नादाराची सारी मिळकत तर धनकोंची झालेली; ती विश्वस्ताने नीट सांभाळली काय आणि उधळली काय, नादाराचा त्याशी संबंध नाही. तर्क निर्दोष आहे, आणि तरीही तो वाचताना आमच्या मनास बोचल्यावाचून राहत नाही. कारण कोठारात किती खंडी धान होते, कोणती हुंडी खरी, कोणता ऋणको पैसेवाला असून हात वर करीत आहे, हे सर्वांत चांगले ज्यास ठाऊक असते तो नादारच. विश्वस्ताची चोरी पकडू शकणारा एकमेव साक्षीदार दाराबाहेर ठेवून न्यायालय आत हिशेब तपासणार.

आपल्या कायद्याने हे दार उघडले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. तत्पूर्वी महाराष्ट्रात एक प्रयोग होऊन गेला होता. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यावरून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, नगर व सोलापूर ह्या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. त्यात पन्नास रुपयांवर कर्ज असलेल्या शेतकऱ्यास नादारी मागता येई. रिसीव्हर म्हणून न्यायालयाच्या नाझराशिवाय दुसरा कोणी नेमावयाचा नाही आणि त्यास कमिशन द्यावयाचे नाही, असे कलमच होते. जमीन तर रिसीव्हराच्या हाती द्यावयाचीच नाही, कुटुंबाच्या पोटास लागेल तेवढी सोडून उरलेली फार तर सात वर्षे कलेक्टराने धनकोंसाठी वहिवाटावी. कायदा करणाऱ्यांना रिसीव्हराची भीती किती वाटत होती, हे ह्यावरून दिसते. ह्या कायद्याखालील लहान न्यायाधीशांचे काम तपासण्यास खास न्यायाधीश नेमण्यात आला. प्रथम डॉक्टर पोलन आणि पुढे न्यायमूर्ती रानडे ह्यांनी ते काम केले. रानडे तालुक्या-तालुक्यांतून फिरत, मुक्कामास जाऊन दप्तरे मागवीत व निकाल तपाशीत. ह्या फिरतीची हकीकत रमाबाईंच्या आठवणींत आलेली आहे आणि आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ती वाचलीही असेल. परंतु ती घरगुती गोडव्यासाठी वाचली जाते. तीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तेथे न्यायालय तक्रारीची वाट पाहत बसलेले नसून आपल्या पायांनी दप्तरापर्यंत जात होते. ज्या शेतकऱ्यास अर्ज लिहिता येत नव्हता त्याच्याही कागदावर न्यायाधीशाची नजर पडत होती. नादारीची कलमे मात्र फारशी वापरली गेली नाहीत. १९२८ साली शेतकी कमिशनास ग्रामीण नादारीचा एखादा सोपा कायदा करता येईल काय ह्याचा विचार व्हावा, अशी पुनः शिफारस करावी लागली, आणि मध्यप्रांताने १९३३ साली निराळीच वाट धरून कर्जतडजोडीचा कायदा केला.

मुंबई, मद्रास, कलकत्ता ही शहरे सोडून उरलेल्या मुलखासाठी नादारीचा स्वतंत्र कायदा १९०७ साली आला आणि तो बदलून १९२० सालचा पाचवा कायदा झाला. भंडारा जिल्ह्यास लागू होता तो हाच. त्याची तीन-चार कलमे आमच्या विषयाचा गाभा आहेत. अठ्ठाविसाव्या कलमाने नादार ठरताच त्याची मिळकत न्यायालयाकडे वा रिसीव्हराकडे जाते. छप्पन्नाव्या कलमाने न्यायालय रिसीव्हर नेमते, त्याच्याकडून जामीन घेते व त्याचा मेहनताना ठरविते. आणि त्याने हिशेब दिला नाही, बाकी भरली नाही, अथवा जाणूनबुजून केलेल्या कसुरीने वा घोर हयगयीने मिळकतीचे नुकसान केले, तर त्याची स्वतःची मिळकत जप्त करून व विकून ते नुकसान भरून काढते. परक्याच्या मालावर बसलेल्या मनुष्यास जरब बसावी अशीच ही तरतूद आहे. अडुसष्टावे कलम म्हणते की रिसीव्हराच्या कोणत्याही कृत्याने वा निर्णयाने नादार, धनको अथवा दुसरा कोणी पीडित झाला तर त्याने न्यायालयाकडे यावे. न्यायालय ते कृत्य कायम करील, फिरवील वा बदलील. पीडितांच्या यादीत पहिले नाव नादाराचेच आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. पुढे एक कलम जोडून धनकोंची देखरेख-समितीही करता येईल असे ठरविण्यात आले.

आता आपण पुनः त्या गोंदियाच्या कोठारापाशी येऊ. रिसीव्हराने धान विकले नाही, वाट पाहिली आणि भाव आणखी पडला. तो जबाबदार काय? नव्हे. न्यायालय त्यास ज्योतिषी समजत नाही. मागाहून सुचलेले शहाणपण त्याच्यावर लादीत नाही. प्रामाणिक चूक आणि घोर हयगय ह्यांत कायद्याने रेघ ओढली आहे आणि ती तशी ओढली नसती तर हे काम पत्करण्यास कोणी भला मनुष्य पुढे आला नसता. परंतु कौले फुटलेली आहेत हे ठाऊक असून त्याने ती फेरली नाहीत, आणि धान भिजून कोंबाळले, तर? पाऊस कोणत्या महिन्यात येतो हे गोंदियाच्या मनुष्यास ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? भाव पडणे दैवाधीन. छप्पर गळणे नव्हे. तेच धान त्याने लिलाव न पुकारता आपल्या ओळखीच्या गिरणीवाल्यास दिले, तर प्रश्न किती रुपये कमी आले हा राहत नाही. भाव वाजवी होता असे सिद्ध झाले तरी न्यायालय त्या विक्रीकडे संशयाने पाहते, कारण विश्वासाच्या जागी बसलेल्या मनुष्याने सौद्याच्या दोन्ही बाजूंस उभे राहावयाचे नाही. आणि पेढीचा पैसा त्याने स्वतःच्या तिजोरीत मिसळला, तर एक पै न खाताही तो दोषी. कारण हिशेब म्हणजे पैसा वेगळा दाखविता येणे.

ह्या भागाचा एक खास प्रश्न आहे, तो मुंबईच्या असायनीस कधी पडला नसेल. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. गावोगावचे तलाव आणि बोड्या ह्यांवर धान उभे राहते, आणि मालगुजारीच्या काळी गावाचा तलाव मालगुजाराच्या मिळकतीत मोडत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तोपर्यंत ही स्थिती होती. समजा, अशा मालगुजाराने सावकारीत वा ठेकेदारीत हात भाजून घेतले आणि तो नादार झाला. तलावाची पाळ खचत आहे. रिसीव्हराने दुरुस्तीस पैसा घातला तर धनको ओरडणार: आमच्या वाट्यातला पैसा मातीत घातला! न घातला तर पाळ फुटणार, खालची शेते वाहून जाणार आणि ज्या रयतेचे ह्या नादारीशी काडीचे देणेघेणे नाही तिचे वर्ष बुडणार. धनकोंचा हितसंबंध तलाव विकला जाईपर्यंतचा. रयतेचा पिढ्यान् पिढ्यांचा. कायद्याचे शब्द धनकोंच्या बाजूने आहेत, पण ‘दुसरा कोणी पीडित’ हे तीन शब्द आम्हांस अशा वेळी फार मोलाचे वाटतात. रिसीव्हराच्या कृत्याने ज्याच्या शेतात पाणी शिरले त्यास न्यायालयाच्या दारात उभे राहता येईल, इतकी फट त्या शब्दांनी ठेवली आहे.

आणि ही फट केवढी मोठी, हे त्याच मुलखातील दुसरी व्यवस्था पाहिली म्हणजे कळते. कामठा, आमगाव ह्यांसारख्या जमीनदाऱ्या ज्या मुलखात होत्या, तेथे कर्जात रुतलेला जमीनदार वाचविण्याचा सरकारी मार्ग म्हणजे कोर्ट ऑफ वॉर्ड्स. मध्यप्रांतात त्याचा कायदा प्रथम १८८५ साली झाला व पुढे १८९९ साली नव्याने केला गेला. नावात ‘कोर्ट’ असले तरी ते न्यायालय नव्हे, ते महसूलखाते. कारभार डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीचा, आणि त्यांनी स्वविवेकाने केलेल्या गोष्टींची विचारपूस दिवाणी न्यायालयात चालावयाची नाही. कित्येक मिळकती ह्या व्यवस्थेने कर्जमुक्त झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. चांगला अधिकारी लाभला तर तिचा कारभार रिसीव्हराहून सरस होई. पण चांगला अधिकारी लाभला तर, ह्या ‘तर’वर सारी भिस्त. व्यापाऱ्याच्या दिवाळ्यात दहा रुपयांचा धनको रिसीव्हरास हिशेब विचारू शके, आणि लाखाच्या जमीनदारीत खुद्द जमीनदारास ती सोय नव्हती.

तथापि दहा रुपयांचा धनको खरोखर विचारू शकत होता काय? अडुसष्टाव्या कलमास एक शेपूट आहे: ज्या कृत्याबद्दल तक्रार करावयाची, त्याच्या तारखेपासून एकवीस दिवसांच्या आत अर्ज आला पाहिजे. देवरीकडील शेतकऱ्याचा मार्ग पाहा. धान मित्राच्या गिरणीस गेल्याची बातमी त्यास बाजाराच्या दिवशी कळणार. मग गोंदियास यावयाचे, रेल्वेने भंडारा रोडपर्यंत जावयाचे, तेथून टांग्याने भंडारा गाठावयाचा, वकील पाहावयाचा, कागद करावयाचे. वर जाण्याचा प्रसंग आला तर नागपूर: १९३६ च्या जानेवारीत तेथे हायकोर्ट झाले, त्याआधी ज्युडिशिअल कमिशनरांचे न्यायालय. हे सारे किती रुपयांसाठी? त्याच कायद्याच्या एकसष्टाव्या कलमात नोकर-मजुरांच्या थकलेल्या वेतनास अग्रहक्क दिला आहे, तोही एकंदर वीस रुपयांपर्यंतच. कोठारात पोती वाहणाऱ्या हमालाचे वीस रुपये रिसीव्हराने दाबून ठेवले, तर ते मिळविण्याचा खर्च वीस रुपयांहून अधिक. न्यायालय तपासावयास तयार होते; पण ते बोलावल्यावाचून येत नव्हते, आणि बोलावणे महाग होते. रानड्यांच्या फिरतीची आम्ही वर आठवण केली ती ह्याचसाठी.

२०१६ साली नादारीची नवी संहिता झाली. कंपन्यांची प्रकरणे तीमुळे राष्ट्रीय कंपनी न्यायाधिकरणाकडे गेली. व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अमलात आला. मजुरांच्या बाबतीत ती जुन्या कायद्याच्या फार पुढे गेली आहे: कंपनी मोडीत निघाल्यास कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या थकबाकीस तारण घेतलेल्या धनकोच्या बरोबरीचे स्थान तिने दिले. पण लंबक पुनः १८६९ च्या बाजूस झुकला आहे काय, अशी शंका आम्हांस येते. निर्णय धनकोंच्या समितीने घ्यावयाचा आणि तिच्या व्यापारी शहाणपणात न्यायालयाने हात घालावयाचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. त्याच न्यायालयास पुढे जेट एअरवेजच्या प्रकरणात, वर्षानुवर्षे लोंबकळलेल्या योजनेचा विचार करून, ७ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम द्यावा लागला. ते विमान कंपनीचे प्रकरण होते. तेथे बड्या बँका होत्या, निष्णात वकील होते, वर्तमानपत्रांचे डोळे होते.

गोंदियास आता स्वतःचे जिल्हा न्यायालय आहे; देवरीच्या शेतकऱ्यास भंडाऱ्याचा टांगा करावयास नको. परंतु त्याने ज्या गिरणीस धान घातले ती कंपनी असेल आणि ती बुडाली, तर तिच्या कारभाऱ्याचा हिशेब ज्या न्यायाधिकरणापुढे व्हावयाचा ते मुंबईस आहे. गोंदियाहून मुंबई आगगाडीने सुमारे हजार किलोमीटर पडते. कागद आता तारेवाचून जातात आणि सुनावणी पडद्यावर पाहता येते, असे आम्हांस सांगण्यात येते, आणि ते खरेही आहे. धानाची ती चिठ्ठी मात्र अजून शेतकऱ्याच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, घडी घालून ठेवलेली असते.